उन्हाचा रेटा

भिवंडीचे चैत्रातील ऊन कसे असते, हे यंत्रमागाच्या पत्र्याखाली दुपार काढलेल्यासच विचारावे. अशाच एका दुपारी, सुमारे तीस वर्षांपूर्वी, आम्ही रघुवंश शिकवीत असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, उन्हाचा चटका बसतो, तसा धक्काही बसतो का?" "तुला चटका पुरेसा आहे," असे म्हणून आम्ही त्यास खाली बसविले. वर्ग हसला. त्या हसण्याची आज आम्हांस लाज वाटते. कारण धक्का खरोखरच बसतो.

धूमकेतूचे पुच्छ सदैव सूर्याच्या विरुद्ध दिशेस असते, यावरून केप्लरने १६१९ सालीच तसा तर्क केला होता. १९०१ साली रशियन शास्त्रज्ञ लेबेदेव यांनी प्रकाशाचा दाब प्रयोगाने दाखविला. तो आहे केवढा? एक चौरस किलोमीटर काळे कापड सूर्यासमोर ताणून धरले, तर त्या सबंध कापडावर मिळून अर्ध्या किलोच्या वजनाहूनही थोडा कमी! (आमच्या गावी तेवढे कापड मिळणे कठीण नाही, ही गोष्ट निराळी.)

एवढ्याशा रेट्याने काय बिघडणार, असे मात्र वाचकांनी म्हणू नये. आपला इन्सॅट-१ए उपग्रह १९८२ च्या एप्रिलात आकाशात गेला. त्याचे सौरपंख एकाच अंगास होते. त्यांवरील उन्हाने तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या अंगास लांब दांडीवर एक शीड योजिले होते. ते उघडलेच नाही. तोल सावरण्यात इंधन खर्ची पडू लागले, त्यात इतर अडचणींची भर पडली, आणि सप्टेंबरात उपग्रह निकामी झाला.

तेथे पृथ्वीसारखी बळकट धरित्री तरी जवळ होती. लघुग्रहापाशी तोही आधार नाही. बेन्नू नामक लघुग्रह उणापुरा अर्धा किलोमीटर रुंद. ३१ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेचे ओसायरिस-रेक्स यान त्याभोवती फिरू लागले, तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे पाच सेंटिमीटर होता; मुंगीची चाल म्हणा ना! एका प्रदक्षिणेस अडीच दिवस लागत. ज्याची ओढ इतकी दुबळी, त्याच्यापाशी उन्हाचा रेटाही हिशेबात धरावा लागतो. कक्षा भलतीच निवडली, तर सूर्याकडे येताना ऊन यानास अडविते, दूर जाताना पुढे लोटते. फेरीमागून फेरी कक्षा लांबट होत जाते, आणि अखेरीस यान खडकावर आदळते किंवा कायमचे निसटते.

यावर योजिलेला तोडगा आम्हांस फार आवडला. बांगडीच्या मधोमध एक बोर आहे अशी कल्पना करून ती सूर्याच्या सामोरी उभी धरावी. बोर अर्धे उजेडात, अर्धे अंधारात. आणि बांगडी त्या दोहोंच्या सीमेवर. यानाची कक्षा तशीच ठेवली, दिवस आणि रात्र यांच्या संधीवर. (संध्या शब्दाचा मूळ अर्थ तरी याहून वेगळा काय आहे?) तेथे ऊन यानास पुढे लोटीत नाही की मागे रेटीत नाही; सबंध कक्षाच किंचित रात्रीच्या अंगास सरकवून ठेवते. एवढेच नव्हे, बेन्नू सूर्याभोवती फिरत असता तोच रेटा कक्षेस हळूहळू वळवून सूर्याच्या सन्मुख राखतो.

२० ऑक्टोबर २०२० रोजी यानाने बेन्नूवरील माती उचलली. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ती युटाच्या वाळवंटात उतरली, भरली १२१.६ ग्रॅम. आम्ही त्या मुलाचा पत्ता शोधीत आहोत. मिळाल्यास हा अंक त्यास धाडावयाचा आहे.