घरातील खोल्यांच्या तापमानातील तफावत : कारणमीमांसा व दोषशोधन (रत्नागिरीच्या संदर्भात)

प्रस्तावना :

रत्नागिरीत उन्हाळ्याचा पारा विदर्भाप्रमाणे सहसा चाळिशी गाठत नाही. परंतु हवेतील आर्द्रतेमुळे दोन-तीन अंशांचा फरकही शरीरास असह्य होतो. कौलारू घरांची जागा स्लॅबच्या घरांनी घेतल्यापासून एक तक्रार सर्रास ऐकू येते. तळमजल्यावरील दिवाणखाना सुसह्य असतो, वरच्या मजल्यावरील पश्चिमेची खोली मात्र रात्रीही तापलेली असते. त्यावर योजला जाणारा उपाय म्हणजे अधिक क्षमतेचे वातानुकूलन यंत्र. प्रस्तुत लेखकानेही आईच्या खोलीतील एक टनाचे यंत्र काढून दीड टनाचे बसविले. खोलीतील हवा लवकर गार होई व यंत्र थांबे. छत मात्र तापलेलेच राही. यंत्र वारंवार चालू-बंद होऊ लागल्याने हवेतील ओलावा पुरेसा निघेना आणि पावसाळ्याच्या तोंडावर कपाटामागे बुरशी धरली. दोष यंत्राच्या क्षमतेत नव्हताच.

उष्णता कोठून येते ?

या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी घड्याळच देते. घरातील सर्व तापमापक प्रथम एकाच जागी ठेवून त्यांच्या नोंदी जुळतात का ते पाहावे. नंतर प्रत्येक खोलीत उन्हापासून दूर, छातीच्या उंचीवर एकेक ठेवून सकाळी ८, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता नोंद घ्यावी. यंत्र बंद असताना दुपारनंतर सूर्यास्तापर्यंतच खोली तापत असेल, तर पश्चिमेची खिडकी संशयित ठरते. मावळतीचे ऊन तिरपे येत असल्याने वरचा छज्जा तेथे निरुपयोगी असतो. बाहेरून बांबूची चटई किंवा पडदा लावणे हाच उपाय. आतला पडदा काचेतून आत आलेली उष्णता थोडीच परतवू शकतो. परंतु खोली रात्री ९ वाजता सर्वांत अधिक तापलेली आढळली, तर दोष छताचा समजावा. चार-पाच इंची काँक्रीट स्लॅबमधून उष्णता खाली उतरण्यास तीन-चार तास लागतात आणि पुढे रात्रभर स्लॅब ती खाली उत्सर्जित करीत राहतो. हवेचे तापमान २६ अंश असूनही अंथरुणावर पडलेल्या माणसास उकडते, याचे कारण हेच.

रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर असतो. पाऊस अद्याप दूर असतो आणि आकाश बहुधा निरभ्र असते. भिंतींपेक्षा छतच त्या दिवसांत अधिक तापते. निवासी इमारतींसाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'इको-निवास संहिते'त छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची मर्यादा प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॅट अशी आहे. उघड्या स्लॅबचे मूल्य याच्या सुमारे तिप्पट भरते. आपल्या जुन्या घरांत कौले आणि माजघर यांच्यामध्ये लाकडी माळा असे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. गळती थांबविण्यासाठी आज स्लॅबवर घातला जाणारा पत्रा नकळत तेच काम करू शकतो, मात्र कडेच्या बाजू उघड्या ठेवल्या तरच. पावसाची झड येते म्हणून त्या बंद केल्या की मधल्या पोकळीची भट्टी होते. झड अडवून वारा सोडणारी तिरप्या पट्ट्यांची जाळी बसविता येते. पत्रा नसेल तर स्लॅबवर पांढरा परावर्तक लेप द्यावा. शेवाळाने तो काळवंडत असल्याने प्रत्येक पावसाळ्यानंतर धुवावा लागतो.

डक्टमधील दोष :

एकाच यंत्रातून अनेक खोल्यांना हवा पुरविणारे पत्र्याचे डक्ट आता काही बंगल्यांतून दिसू लागले आहेत. येथे तापमापक प्रत्येक जाळीच्या तोंडाशी धरावा. सर्व जाळ्यांतील हवा सारखीच गार, पण एका खोलीत झोत मंद असेल, तर डँपर अर्धवट बंद आहे, लवचीक नळी दुमडली आहे किंवा वाट अरुंद आहे. झोत ठीक, पण दूरच्या जाळीतील हवा कोमट असेल, तर वाटेत उष्णता मिसळते आहे. स्लॅबवरील पत्र्याखालच्या पोकळीतून डक्ट नेलेला असल्यास दुसरे कारण शोधण्याची बहुधा गरज पडत नाही. सर्वच झोत मंद झाले असतील, तर आधी गाळणी धुवावी. कारागिरास नंतर बोलवावे.

परतीच्या हवेचा विचार मात्र क्वचितच होतो. खोलीत हवा आत येते, पण दार लावल्यावर बाहेर जाण्यास वाट नसते. खोलीतील दाब वाढतो आणि येणारा झोत मंदावतो. दार उघडे ठेवताच खोली गार होऊ लागली, तर निदान पक्के झाले. दाराखाली पुरेशी फट ठेवणे किंवा दारात जाळी बसविणे पुरते. परतीच्या डक्टला भोक असेल, तर माळ्यावरील गरम व दमट हवा आत ओढली जाते. सांध्याजवळ उदबत्ती धरल्यास धूर आत खेचला जाताना दिसतो. सांधे कापडी चिकटपट्टीने न बुजवता मॅस्टिकने किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीने बुजवावेत, कारण कापडी पट्टीचा डिंक उष्णतेने सुटतो.

किनारपट्टीवर आणखी एक दोष संभवतो. तापमान ३२ अंश व सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असता दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. डक्टमधील हवा बहुधा १२ ते १५ अंशांची असते. आवरण जेथे फाटले असेल तेथे डक्टला घाम फुटतो आणि छतावर डाग उमटतो. तो गळतीचा समजून अनेक जण गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतात. पाऊस नसतानाही, केवळ यंत्र चालू असता डाग वाढत असेल, तर बाष्परोधक आवरण तपासावे.

आईच्या खोलीत डक्ट नव्हताच. पत्र्याच्या बंद केलेल्या दोन्ही बाजू उघडून जाळी बसविली आणि पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून चटई लावली. पुढच्या मे महिन्यात जुने एक टनाचे यंत्र पुन्हा भिंतीवर चढले.