तिबेटांतील ग्रंथरक्षण व सामान्य जन

भारतांत लुप्त झालेल्या कित्येक संस्कृत ग्रंथांचें रक्षण तिबेटनें केलें, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. राहुल सांकृत्यायन यांनीं १९२९ ते १९३८ या अवधींत चार वेळां तिबेटची यात्रा केली व तेथील मठांतून जुन्या तालपत्रांचीं छायाचित्रें आणिलीं. वसुबंधूच्या अभिधर्मकोशांतील कारिकांचा मूळ पाठ अशाच छायाचित्रांवरून पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनीं १९४६ सालीं प्रसिद्ध केला. विद्याकराचा सुभाषितरत्नकोश दामोदर धर्मानंद कोसंबी व गोखले यांनीं १९५७ सालीं संपादिला, त्यासही ङोर येथील मठांतील पोथीचाच मुख्य आधार होता. या ऋणाचा उल्लेख आपण करतों; परंतु हें रक्षण प्रत्यक्ष कोणीं केलें, हा प्रश्न सहसा विचारीत नाहीं. त्याचें उत्तर केवळ राजे व लामा यांच्या चरित्रांत सांपडणार नाहीं.

देर्गे येथील मुद्रणालयाचें उदाहरण घेऊं. तिबेटच्या पूर्वेकडील खाम प्रांतांत तेथील राजा तेन्पा त्सेरिंग यानें इ. स. १७२९ मध्यें तें स्थापिलें. बुद्धवचनांचा संग्रह जो कंजूर, त्याच्या पाठाचें संशोधन सितु पंचेन या पंडितानें केलें. पुढें शास्त्रग्रंथांचा व टीकांचा संग्रह जो तंजूर, तोही तेथें कोरला गेला. आज त्या वास्तूंत दोन लक्षांहून अधिक काष्ठफलक आहेत. फळीच्या दोन्ही बाजूंस अक्षरें उलटीं कोरावीं लागतात व एकेक फळी पुनःपुन्हा तपासावी लागते. छपाईस माणसें जोडीनें बसतात. एक जण फळीस शाई लावितो, दुसरा तीवर कागद ठेवून लाटणें फिरवितो. कागद एका विषारी वनस्पतीच्या मुळांपासून करितात, म्हणून त्यास कसर लागत नाहीं. कोरणारे, शाई करणारे व कागद कुटणारे यांचीं नांवें ग्रंथाच्या शेवटीं क्वचितच येतात. परंतु त्यांची परंपरा तुटती, तर सितु पंचेनाचें पांडित्य त्याच्याबरोबरच संपलें असतें.

या परंपरेवर विसाव्या शतकांत जो आघात झाला, त्याचा क्रम ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. १९५० सालीं चिनी सैन्य तिबेटांत शिरलें. १९५१च्या सतरा कलमी करारांत धर्म व मठ यांच्या रक्षणाचें आश्वासन होतें. खाममध्यें १९५६ पासूनच उठाव सुरू झाले. १९५९ मध्यें ल्हासा येथें उठाव होऊन दलाई लामा भारतांत आले. सर्व विध्वंस १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतींत झाला, असें पुष्कळदां सांगितलें जातें. तें यथार्थ नाहीं. पंचेन लामांनीं १९६२ सालीं चिनी शासनास सादर केलेल्या निवेदनांत म्हटलें आहे कीं, मध्य तिबेटांतील सुमारें २,५०० मठांपैकीं ७० च्या आसपास उरले आणि भिक्षु व भिक्षुणी यांची संख्या सुमारें १,१०,००० वरून ७,००० वर आली. धर्मग्रंथांचा उपयोग खताकडे व जोड्यांकडे झाल्याचेंही त्यांत नमूद आहे. लेखक तेव्हां चीनच्याच व्यवस्थेंत उच्च पदावर होते, म्हणून या साक्षीचें मोल अधिक. या स्पष्टोक्तीबद्दल त्यांनीं पदच्युति व पुढें दीर्घ बंदिवास सोसला.

देर्गेचे फलक या अरिष्टांतून वांचले. इतर पोथ्या अनेक वाटांनीं वांचल्या. पळून येणाऱ्यांनीं पाठीवर धान्याबरोबर पोथ्या वाहिल्या. बंगालच्या उत्तरेस बक्सा येथील जुन्या तुरुंगांत सुमारें १,५०० भिक्षूंस ठेविलें होतें. तेथें क्षयानें अनेक दगावले, तथापि पठण व वादविवाद बंद पडले नाहींत. पुढें ते भिक्षु कर्नाटकांत गेले आणि बैलकुप्पे व मुंडगोड येथें सेरा, द्रेपुंग व गांदेन हे मठ पुन्हा उभे राहिले. निर्वासितांनीं आणिलेल्या पोथ्या १९६८ पासून दिल्लींत जीन स्मिथ या अमेरिकन अभ्यासकानें जमवून छापविल्या. अमेरिकेनें आपल्या देशास विकलेल्या गव्हाचे जे रुपये येथेंच सांचले होते, त्यांतून हा खर्च निघाला!

गोंदिया जिल्ह्यांतील गोठणगांव येथेंही तिबेट्यांची वसाहत आहे. हिवाळ्यांत आपल्या शहरांतील पदपथांवर लोकरी कपडे विकणारीं तिबेटी कुटुंबें आपण पाहतों. अशा कुटुंबांनीं परक्या देशांत मुलांस आपली भाषा व लिपि शिकविली, म्हणूनच त्या पोथ्यांस वाचक राहिले.

खुद्द तिबेटी प्रदेशांत आजचा प्रश्न नेमका हाच आहे. ग्रंथ आतां जाळले जात नाहींत. देर्गेंत छपाईही चालू आहे. परंतु शिक्षण उत्तरोत्तर चिनी भाषेंत होऊं लागलें आहे. सुमारें १० लक्ष तिबेटी मुलें घरापासून दूर निवासी शाळांत ठेविलीं जात आहेत, अशी चिंता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं २०२३ सालीं व्यक्त केली. चिनी शासनास हा आरोप मान्य नाहीं. युशू येथील ताशी वांगचुक हा एक दुकानदार. तिबेटी भाषा शाळेंत नीट शिकवावी, एवढीच त्याची मागणी होती व तिला चीनच्याच राज्यघटनेचा आधार होता. ती त्यानें एका अमेरिकन वृत्तपत्राच्या चित्रफितींत मांडली. २०१६ सालीं त्यास अटक झाली, २०१८ मध्यें पांच वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ च्या जानेवारींत तो सुटला.

संस्कृताच्या अभ्यासकास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. आपल्याकडे बौद्ध शास्त्रग्रंथ गेले, याचें कारण केवळ विहार जळले हें नव्हे. ते वाचणारा व उतरून घेणारा वर्ग उरला नाहीं. सारनाथ येथील तिबेटी विद्यासंस्थेंत, जी १९६७ सालीं स्थापन झाली, तिबेटी अनुवादांवरून लुप्त संस्कृत ग्रंथांची पुनर्रचना होत आली आहे. तें कार्य होऊं शकलें, कारण तिबेटी भाषा घरोघर जिवंत होती. ती केवळ फलकांवर उरली, तर ज्या साक्षीवर आपण आपला गेलेला ठेवा परत मिळवितों, ती साक्षही मुकी होईल.