गोंदियाहून समुद्रावर जाताना

क्रूझची जाहिरात पाहिली की पहिला प्रश्न येतो, तिकीट कितीला? गोंदियाच्या माणसानं त्याआधी गाडीचा विचार करावा. समुद्र आपल्यापासून हजार किलोमीटरच्या आसपास आहे. विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदियातून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटीला पोचते. तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीनं काही मिनिटांवर. कागदावर हे सगळं त्याच दिवशीच्या जहाजासाठी नीट जुळतं, म्हणून बरेच जण तसंच बुकिंग करून मोकळे होतात. तसं करू नये. गाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज मिळत नाही आणि पैसेही बहुधा बुडतात. आदली रात्र मुंबईतच काढावी. एकेकाळी रेल्वे थेट बोटीला जोडून असायची. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हिवाळ्यात बोटीच्या उतारूंसाठी बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून सुटायची. आता तो मेळ आपला आपणच घालायचा.

कधी जायचं, हे आपल्या शेतीनं आधीच ठरवून ठेवलं आहे. दिवाळीनंतर धान निघतं, चुरणं होतं, हातात चार पैसे येतात आणि नेमका त्याच सुमारास अरबी समुद्र शांत असतो. इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यांनी मात्र रोवणीच्या आत परतायचा बेत करावा. पावसाळ्यात मुंबईहून जायचा विचारच नको. जून ते सप्टेंबर हा समुद्र खवळलेला असतो. कोकणातले कोळीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर काढत नाहीत. 2021च्या सप्टेंबरपासून मुंबईहून फिरणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे जहाजसुद्धा पावसाळ्यात चेन्नईकडे जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करत आलं आहे. अकरा डेकचं हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधलेलं. अशा जहाजालाही जो समुद्र टाळावासा वाटतो, त्यात पहिल्याच फेरीला आपण कशाला जा!

केबिन निवडताना पैसे वाचवायचे असतील तर खिडकीचे वाचवा, जागेचे नको. जहाज टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलतं, मध्यभागी आणि खाली सगळ्यात कमी. ज्याला नागझिऱ्याच्या वळणांवर गाडी लागते, त्याला बोटही लागू शकते. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, मागाहून तिचा फारसा उपयोग होत नाही. ती गोंदियातच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण तिनं झोप येते आणि बीपी-शुगरच्या औषधांबरोबर चालेल का, ते त्यांनाच ठाऊक. त्रास व्हायला लागला तर केबिनमध्ये पडून राहू नये. मोकळ्या डेकवर जाऊन नजर क्षितिजावर ठेवावी, पोट अगदी रिकामं ठेवू नये.

जाहिरातीतला दर बहुतेकदा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. एकट्यानं गेलात तर जवळपास दोघांचे पैसे पडतात. पोर्ट चार्जेस, जीएसटी, टिप यांचे आकडे पुढच्या पानावर येतात. जेवण तिकिटात असतं. दारू, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरची सहल बहुधा नसते. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिकडे काळजीनं जीव टांगणीला लागतो. देशातल्या फेरीला मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स नव्हे. श्रीलंकेसाठी पासपोर्ट हवा, आणि तो काढायला काही महिने हाताशी ठेवावेत. घरात कोणी गरोदर असेल तर नियम आधी विचारा. बहुतेक कंपन्या चोवीस आठवडे झाल्यावर घेत नाहीत.

धक्क्यावर तपासणीत इस्त्री आणि पाणी तापवायची केटली काढून घेतात. आमच्या रांगेत एका काकूंना त्याचा फार राग आला. पण भर समुद्रात अग्निशमन दल येत नाही. आग लागली तर जहाजावरच्याच माणसांनी ती विझवायची असते. शिजवलेलं अन्नही नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा गाडीतच संपवावा. मोठी बॅग पट्टी लावून तिथेच घेतात आणि ती केबिनच्या दाराशी काही तासांनी पोचते. औषधं, चष्मा, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा.

मग सगळ्यांना एकत्र बोलावून कवायत घेतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या ठरलेल्या जागी कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे दाखवतात. माझ्या शेजारचे अर्धे लोक सेल्फी काढत होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं. 13 जानेवारी 2012ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. चोवीस तासांत घेतली तरी चालेल, असा तेव्हाचा नियम. 2015पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. ती वीस-तीस मिनिटं लक्ष द्या. परत येताना केबिनपासून जिन्यापर्यंतची दारंही मोजून ठेवा, म्हणजे अंधारात हात लावत जाता येईल.

जहाज सुटायची वेळ झाली की आत शो, बुफे, संगीत सगळं एकदम सुरू होतं. त्या तासाला आत बसू नका. तोंड पुढे करून उजव्या कठड्याला उभे राहा. खाली धक्क्यावरची माणसं खुंट्यांवरून जाडजूड दोर सोडवतात, वर यंत्रं ते ओढून घेतात, टग जहाजाला हळूहळू बाजूला काढतात. उजवीकडून गेटवे, मग कुलाबा, आणि त्याच्या दक्षिण टोकाला 1875चं प्राँग्ज दीपगृह. त्यानंतर जरा वेळानं खालचं एक दार उघडतं आणि दोरशिडी सुटते. बंदरातून वाट दाखवायला आलेला पायलट आता परत निघालेला असतो. छोटी लाँच जहाजाला खेटून धावत असते. जहाज थांबलेलं नाही, लाँचही नाही. पायलट शिडीच्या शेवटच्या पायरीवर थबकतो, लाँच लाटेवर वर आली की तेवढ्यात पाय टाकतो. वर कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, पण सबंध प्रवासात मी यापेक्षा मोलाचं काही पाहिलं नाही.

माझ्यासोबत अर्जुनी मोरगावच्या मामी होत्या. नवेगावबांधचा तलाव आणि इटियाडोहचा पसारा पाहत जन्म गेलेला. अंधार पडताना डावीकडे खांदेरीचा दिवा लुकलुकला, मग तोही मागे पडला. त्या म्हणाल्या, “काठ कुठंच नाही दिसून राहिला, बापा!” आणि जेवायला यायला तयारच होईनात. मी त्यांना शाल आणून दिली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाच, पण त्यांना कार्यक्रमामागून कार्यक्रमाला फिरवू नका. चालायला त्रास असेल तर लिफ्टजवळची केबिन मागून घ्या.

गोव्याच्या फेरीत जहाज मुरगाव बंदराला लागलं की सगळा गोवा एका दिवसात उरकायचा मोह होतो. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. रस्त्यात अडकलात तर जहाज थांबत नाही, म्हणून वास्कोच्या आसपासच राहा, नाहीतर जहाजाच्याच सहलीनं जा. आणि घड्याळ जहाजावर सांगितलेल्या परतीच्या वेळेप्रमाणे बघा.

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, कारण सकाळी जहाज रिकामं होतं आणि बहुतेकदा त्याच दिवशी नवे प्रवासी चढतात. मधल्या थोड्या तासांत शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या, भाजीपाला चढवायचा, कचरा उतरवायचा. ज्या मुलानं आपली केबिन दोन वेळा आवरली, त्याला निरोप द्यायचा तर रात्रीच द्यावा. सकाळी त्याला मान वर करायला फुरसत नसते. परतीची विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, तेव्हा हाताशी अख्खा दिवस असतो. सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाकावं आणि म्हाताऱ्यांना आधी पोटभर वरण-भात खाऊ घालावा.