फाल्गुनातला खरारा

थंडी सरली. माघ गेला, फाल्गुन लागला. आता गोठ्यात जाऊन बघा. गाईच्या पाठीवरून हात फिरवला की हाताला केसच केस लागतात. गव्हाणीत केस, दावणीला केस. घरची बाई विचारते, "गाईला झालं तरी काय?"

काही झालेले नाही. थंडीत ऊब राहावी म्हणून जनावराच्या अंगावर दाट केस येतात. पुढे दिवस मोठा होऊ लागतो. उजेड डोळ्यांवर जास्त वेळ पडतो. त्यावरून शरीराला कळते की उन्हाळा आला. मग जुने केस गळतात आणि खालून आखूड, चमकदार केस येतात.

आपल्या धर्माबाद, बिलोली, कंधार भागात लाल कंधारी जनावरे आहेत. लातूरकडे देवणी आहेत. माळेगावच्या यात्रेत पारखी माणूस आधी पाठीवरून हात फिरवतो. कातडी मऊ आणि केस चमकदार, तर जनावर निरोगी. आसपासच्या सर्व जनावरांचे केस गळून गेले आणि एकाचेच राठ, उभे राहिले, तर त्याच्या पोटात जंत असतील किंवा चारा कमी पडत असेल.

पण पुष्कळ घरी जनावर घासतात ते पोळ्याला. पोळा श्रावणी अमावास्येला. तोवर पाच-सहा महिने जातात. खरी गरज असते ती आत्ता.

का, ते ऐका. जनावराच्या जिभेवर बारीक काटे असतात. ते आतल्या बाजूला वळलेले असतात. चाटताना केस जिभेला चिकटला, तर तो थुंकता येत नाही. तो पोटात जातो. केस पचत नाही. मोठ्या जनावराला सहसा त्रास होत नाही. पण वासराला मिठाची, क्षारांची उणीव झाली की ते सारखे चाटत सुटते. पोटात केसांचा गोळा होतो. गोळा अडकला की पोट फुगते, खाणे सुटते, शेण पडत नाही. अशा वेळी नळीने औषध पाजत बसू नका. ठसका लागून औषध फुप्फुसात गेले, तर वासरू हातचे जाते. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

आता खरारा कसा करायचा ते पाहू. सकाळी, अंग कोरडे असताना करावा. ओले केस चिकटून बसतात. मानेपासून सुरुवात करावी. मग पाठ, कूस, मांड्या. आधी केसांच्या उलट, मग केसांच्या बाजूने घासावे. तोंडावर आणि पायाच्या हाडांवर लोखंडी खरारा लावू नये. तेथे नारळाची शेंडी किंवा गोणपाट पुरे. धार काढताना खरारा करू नये, नाहीतर केस दुधात पडतात. धार झाल्यावर करावा. दहा मिनिटे पुरतात.

हात चालतो तेव्हा डोळेही चालले पाहिजेत. कानात, पोळीखाली, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड दडतात. ते रक्त पितात आणि तापाचा आजार पसरवतात. नखाने चिरडू नका. त्यातून माणसालाही रोग होऊ शकतो. एक मादी हजारो अंडी घालते, म्हणून निघालेले केस व गोचीड डब्यात घेऊन जाळा.

केस गेलेला गोल चट्टा, त्यावर करडी खपली, तर तो नायटा. तो माणसालाही लागतो. त्या जनावराचा खरारा वेगळा ठेवा. अंगावर गाठी आणि ताप असेल, तर लंपी असू शकतो. २०२२ साली महाराष्ट्रात लंपीची मोठी साथ आली होती. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड तो पसरवतात. असे जनावर वेगळे बांधा आणि डॉक्टरांना कळवा.

काही जण म्हणतात, "जनावराला कशाला नटवायचं?" हे नटवणे नव्हे. मुक्या जनावराला बोलता येत नाही. रोज दहा मिनिटे त्याच्या अंगावरून हात फिरला, तर दुखणे लवकर सापडते.

तुम्ही आता लिहायला शिकलात. एक वही गोठ्यात ठेवा. गाठ कोठे दिसली, कोणत्या दिवशी, लस केव्हा टोचली, ते लिहा. डॉक्टर आले की वही पुढे करा. जनावराचे बोलणे तुमची वही बोलेल.