गादी होती, मुखत्यारी नव्हती

चिंचपोकळीहून परळकडे चालत गेलं की हाफकिन संस्थेची जुनी इमारत लागते. गिरणीत राबायला आलेल्या आम्हा सातारकरांच्या दोन पिढ्या तिच्या आसपास गेल्या. पण तिथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर राहायचे आणि आमच्या साताऱ्याच्या छत्रपतींना पदच्युत करणारा सर जेम्स कारनॅक त्यांपैकीच एक, हे चाळीत कधी कुणी सांगितलं नाही.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. काय दिलं आणि काय हातचं राखलं, ते २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात दिसतं. फौज वाढवायची तर कंपनी सरकारची परवानगी, बाहेर पत्रव्यवहार करायचा तर रेसिडेंटमार्फत. सुरुवातीला कारभारही रेसिडेंट ग्रँट डफच पाहायचा. कारभार १८२२ मध्ये महाराजांकडे आला. पॅसिफिकमधल्या टोंगाच्या राजाशी १९०० मध्ये ब्रिटिशांनी केलेला करारही याच वळणाचा: सिंहासन तुमचं, परराष्ट्र व्यवहार आमचे.

महाराजांनी रस्ते केले, शाळा काढली, शहरात पाणी आणलं. पुढे जहागीरदारांवरच्या हक्कावरून मुंबई सरकारशी बिनसलं आणि आरोप आले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, देशी शिपायांना फितवणं. ऑगस्ट १८३९ मध्ये कारनॅक स्वतः साताऱ्याला गेला. गुन्हा कबूल करून सही द्या, गादी राहील, असा त्याचा सांगावा. महाराजांनी सही दिली नाही. तहाने त्यांचं सगळं काढून घेतलं असेल, पण त्या नकारात मला खरा छत्रपती दिसतो.

५ सप्टेंबरला त्यांना वाड्यातून नेलं आणि भाऊ शहाजी यांना गादीवर बसवलं. महाराजांना आधी लिंब गावी ठेवलं. माझ्या आईचं माहेर तेच. मे महिन्यात आम्ही तिथल्या बारा मोटेच्या विहिरीच्या पायऱ्यांवर दुपार काढायचो, आणि या गावातून एक राजा काशीला बंदिवासात गेला याची आम्हाला गंधवार्ता नव्हती.

दाद मागायला महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये शहाजी गेले, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. आता ना धनी उरला ना राज्य, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्येच भांडत राहिले. परतल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीला लागले. मुलगा सीताराम साताऱ्यात फाशी गेला. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.