मूत्राशयाचं दुखणं : ताटातला दोषी शोधताना

ओटीपोटात कळ येत राहते. मूत्राशय भरू लागलं की ती वाढते, लघवी झाली की थोडा वेळ हायसं वाटतं आणि लगेच पुन्हा धावावं लागतं. रात्रीची झोप तुटक होते. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, तरी अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक होत राहतात. असं दुखणं ६ आठवड्यांहून जास्त टिकलं आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण मिळालं नाही, तर डॉक्टर इंटरस्टिशियल सिस्टायटिस ऊर्फ ब्लॅडर पेन सिंड्रोमचा विचार करतात. बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो. पुरुषांनाही होतो, पण त्यांच्याबाबतीत आधी बहुधा प्रोस्टेटवर संशय जातो. काही रुग्णांच्या मूत्राशयात जे व्रण दिसतात त्यांचं वर्णन अमेरिकेतल्या गाय हनर या डॉक्टरांनी १९१५ साली केलं होतं. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी आजाराचं नेमकं एक कारण अजून हाती लागलेलं नाही.

काही पदार्थ खाल्ले की दुखणं भडकतं, हे रुग्ण स्वतः सांगत आले आहेत. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०४ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी तसं नोंदवलं. आपल्याला नेमकं काय बाधतं हे शोधण्याचा मार्ग म्हणजे एलिमिनेशन डाएट : संशयित पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक करून परत आणायचे. मार्ग सोपा आहे, पण त्याच्याभोवती गैरसमजांचं रान माजलं आहे.

गैरसमज : ही उन्हाळीच आहे, लिंबू किंवा कोकम सरबत प्या.

लघवीला आग झाली की घराघरांत हाच सल्ला मिळतो आणि तो प्रेमाने दिलेला असतो. उन्हात पाणी कमी पडून लघवी दाट झाली असेल, तर पोटात पाणी गेल्याने बरं वाटतंही. पण मूत्राशयाच्या या आजारात लिंबूवर्गीय फळं आणि त्यांचे रस त्रासदायक पदार्थांच्या यादीत अगदी वर येतात. कोकमही चांगलंच आम्लधर्मी आहे, म्हणून शोध सुरू करताना तेही बाजूला ठेवावं. क्रॅनबेरीचा रस आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या यांनीही अनेकांचं दुखणं वाढतं. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे सारखं जावं लागतं म्हणून पाणीच तोडणं. त्याने लघवी दाट होते आणि आग वाढते. साधं पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहावं.

गैरसमज : आंबट बंद केलं की झालं.

लघवी आम्लधर्मी झाली म्हणून दुखतं, ही समजूत इतकी सरळ आहे की ती पटते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत रुग्णांच्या मूत्राशयात आळीपाळीने आम्लधर्मी आणि तटस्थाच्या जवळचं द्रावण सोडून पाहिलं. कोणतं द्रावण केव्हा सोडलं हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. २००७च्या पाहणीतल्या त्रासदायक पदार्थांत लिंबूवर्गीय फळांच्या जोडीला कॉफी, चहा, सोडायुक्त पेयं, दारू, कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ आणि तिखट मिरची होती. यांतल्या कित्येकांचा आंबटपणाशी संबंध नाही. मूत्राशयाच्या आतल्या संरक्षक अस्तराचा कमकुवतपणा, लघवीतलं पोटॅशियम, अतिसंवेदनशील झालेल्या नसा अशी अनेक कारणं तज्ज्ञ मांडतात. मधुमेह म्हणून साखरेऐवजी शुगर-फ्री गोळी घेणाऱ्यांनी त्या गोळीवरही नजर ठेवावी, मात्र तिच्या जागी साखर सुरू करू नये.

गैरसमज : पथ्याची यादी मिळाली, आता ती जन्मभर पाळायची.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. छापील यादी हाती पडते, माणूस पन्नास पदार्थ सोडतो, थोडं बरं वाटतं आणि तो तिथेच थांबतो. वजन उतरतं, चार माणसांत जेवणं बंद होतं आणि नेमकं काय बाधत होतं ते कळलेलंच नसतं. वगळणं हा या पद्धतीचा अर्धा भाग झाला. खरी माहिती पदार्थ परत आणताना मिळते. बहुतेकांना बाधणारे पदार्थ मोजकेच निघतात. काहींना तर कोणताच बाधत नाही, आणि तेही निश्चित कळलं तर मोठा दिलासाच असतो.

साधारण २ ते ४ आठवडे ताट साधं ठेवायचं. भात, ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाचं वरण, तूप, दुधी, पडवळ, बटाटा, काकडी, दूध, अंडं, साधं शिजवलेलं चिकन हे बहुतेकांना मानवतं. हिंग, जिरं, हळद यांची फोडणी सहसा चालते. चहा, कॉफी, टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, संत्रं, अननस, लोणचं, मिरची, व्हिनेगर आणि सोया सॉस घातलेलं चायनीज हे तेवढ्यापुरतं बाहेर. चहा एकदम तोडला तर डोकं धरतं, म्हणून तो काही दिवसांत उतरवत न्यावा. एवढ्या काळात काडीचाही फरक पडला नाही, तर आहाराचा धागा सोडून द्यावा आणि उगाच उपाशी राहू नये.

फरक पडला, तर एका वेळी एकच पदार्थ परत आणायचा. पहिल्या दिवशी चतकोर प्रमाणात, दुसऱ्या दिवशी अर्ध्या, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास काही मिनिटांत होऊ शकतो किंवा दुसऱ्या दिवशीही, म्हणून घाई करू नये. दुखलं तर तो पदार्थ थांबवायचा, सगळं शांत होऊ द्यायचं आणि मगच पुढचा घ्यायचा. आपल्या स्वयंपाकात इथेच फसगत होते. ‘आमटी बाधली’ या नोंदीचा काही उपयोग नाही, कारण त्या आमटीत चिंच होती, मिरची होती, टोमॅटोही होता. तिघांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते. दोषी ठरलेला पदार्थ काही महिन्यांनी पुन्हा तपासावा. पूर्ण कप चहा न सोसणाऱ्याला अर्धा कप चालतो, असंही पुष्कळदा निघतं.

घरात स्वयंपाक करणारी बाई स्वतः रुग्ण असेल, तर स्वतःसाठी वेगळं शिजवायला तिला अपराधी वाटतं. तसं वाटू देऊ नये. चिंच-तिखट पडण्याआधी डाळ वाटीभर काढून ठेवली तरी तिचं काम भागतं आणि ती काढून ठेवायची आठवण घरच्यांनी ठेवावी.

गैरसमज : रक्ततपासणी केली की बाधणारे पदार्थ कळतात.

ही अ‍ॅलर्जी नव्हे. आयजीजी प्रतिपिंडं मोजून शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना अशा निदानासाठी ग्राह्य धरत नाहीत. वही आणि पेन यांवरच भरवसा ठेवावा.

गैरसमज : आज दुखलं म्हणजे कालचं जेवणच नडलं.

पाळीच्या आधीचे दिवस, मानसिक ताण, बद्धकोष्ठता, शरीरसंबंध, लांबचा बसप्रवास यांनीही दुखणं उसळतं. म्हणून वहीत जेवणाबरोबर हेही लिहावं आणि नवा पदार्थ पाळीच्या तोंडावर सुरू करू नये. आणि घरच्यांना एक विनंती : ‘तुझ्याच खाण्याने तू दुखणं ओढवून घेतलंस’ असं म्हणू नका. पदार्थ दुखणं भडकवतो, त्यानेच हा आजार जडतो असं सिद्ध झालेलं नाही.

गैरसमज : पथ्य नीट पाळलं की औषध लागत नाही.

पथ्याने दुखणं आटोक्यात येऊ शकतं, पण आजार बरा होतो असा दावा कोणी करू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी, गोळ्या, मूत्राशयात सोडायची औषधं, हनरच्या व्रणांवर दुर्बिणीतून उपचार असे मार्ग आहेत. मनाने केगेलचे, म्हणजे तळाचे हे स्नायू आवळण्याचे, व्यायाम मात्र सुरू करू नका. आधीच आखडलेले स्नायू त्यांनी आणखी आखडतात. गरोदर स्त्रिया, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि वजन कमी असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

आपल्या देशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मूत्रमार्गाच्या क्षयातही लघवीत पू-पेशी दिसतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. मुतखडा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांची लक्षणंही अशीच असू शकतात. म्हणून पथ्य सुरू करण्याआधी युरॉलॉजिस्टकडून हे आजार नाहीत याची खात्री करून घ्या आणि लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा लघवी अडली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.