देशवाचक क्षेत्रनामे

देशवाचक क्षेत्रनामे : इंटरनेटवरील संगणकांना व संकेतस्थळांना दिलेल्या नावांपैकी ज्यांचे शेवटचे पद एखाद्या देशाचा वा प्रदेशाचा संकेत असते, अशी नावे. भारताचे ‘आयएन’, फ्रान्सचे ‘एफआर’, जपानचे ‘जेपी’ ही अशा अंत्यपदांची उदाहरणे होत. ‘कॉम’, ‘ऑर्ग’ यांसारखी अंत्यपदे कोणत्याही देशाशी निगडित नसल्याने त्यांना सामान्य अंत्यपदे म्हणतात. रोमन लिपीतील देशवाचक अंत्यपदे दोन अक्षरी असून त्यांची संख्या २४० हून अधिक आहे. वरवर पाहता ही केवळ पत्त्याची सोय होय. प्रत्यक्षात मात्र ही दोन अक्षरे काही लहान राष्ट्रांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन ठरली आहेत, तर काही विसर्जित राज्यांची ती शेवटची खूण म्हणून उरली आहेत.

कार्यपद्धती : इंटरनेटला जोडलेला प्रत्येक संगणक अंकांच्या साहाय्याने ओळखला जातो. जुन्या पद्धतीत हा अंकपत्ता ३२ द्विमान अंकांचा असल्याने सु. ४२९ कोटी पत्ते संभवतात. असे अंक माणसाच्या लक्षात राहणे कठीण म्हणून त्यांना नावांची जोड देण्यात आली. क्षेत्रनामाची रचना भारतीय टपालाच्या पत्त्यासारखी असते. त्यात प्रथम घर, मग गल्ली, गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा येतो व टपालखाते पत्र मार्गी लावताना हा पत्ता शेवटाकडून वाचते. त्याचप्रमाणे क्षेत्रनामाचा अर्थ लावणारा संगणक प्रथम अंत्यपद पाहतो. त्या अंत्यपदाची नोंदवही कोठे आहे, हे तो मूळ सेवासंगणकाला (सर्व्हरला) विचारतो. तेथून त्या नोंदवहीकडे व पुढे नावाच्या मालकाने नेमलेल्या सेवासंगणकाकडे जातो आणि अखेरीस अंकपत्ता मिळवतो. मूळ सेवासंगणकांची नावे १३ असून १२ संस्था ते चालवितात. त्यांच्या प्रतिकृती मात्र जगभर दीड हजारांहून अधिक ठिकाणी ठेवलेल्या आहेत. एकदा मिळालेले उत्तर काही काळ जवळ जपून ठेवण्याची व्यवस्था असल्यामुळे प्रत्येक वेळी हा सर्व प्रवास करावा लागत नाही.

नाव आणि जागा या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. संकेतस्थळाचा मजकूर ज्या संगणकावर ठेवलेला असतो, ती जागा बहुधा भाड्याने घेतलेली असते (यास होस्टिंग म्हणतात) व ती कोणत्याही देशात असू शकते. सातारकर आडनावाचा गृहस्थ साताऱ्यातच राहत असेल असे नाही, तसेच हे आहे. शिवाय एकाच संगणकावर, एकाच अंकपत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदू शकतात. संकेतस्थळ मागविताना त्याचे नावही विनंतीसोबत पाठविण्याची पद्धत १९९७ च्या सुमारास रूढ झाल्याने हे शक्य झाले आणि संकेतस्थळाची जागा स्वस्त झाली. नाव तेवढे एकमेव राहिले. म्हणून त्याला किंमत आली.

इतिहास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आर्पानेट या आरंभीच्या जालात सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील केंद्रात ठेवली जाई व इतरांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यावी, असा प्रघात होता. संगणक वाढले तशी यादी आवरेनाशी झाली. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये नावांचा अधिकार पायरीपायरीने वाटून देणारी क्षेत्रनाम पद्धती मांडली. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी सामान्य अंत्यपदांची छोटी यादी प्रसिद्ध केली आणि देशांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ३१६६ क्रमांकाच्या मानकातील दोन अक्षरी संकेत वापरावेत, असे ठरविले.

हा निर्णय साधा दिसला, तरी दूरदर्शी होता. कोणता प्रदेश देश आहे व कोणता नाही, या वादात पडण्याचे पोस्टेल यांनी त्यामुळे टाळले आणि १९९४ मध्ये ही भूमिका लेखी नमूदही केली. परिणामी पॅलेस्टाइनला २००० मध्ये अंत्यपद मिळाले, कोसोव्होला मात्र मानकात संकेत नसल्याने ते मिळालेले नाही. याउलट ज्यावर एकही कायम रहिवासी नाही अशा हर्ड व मॅक्डॉनल्ड या बेटांना ‘एचएम’ हे स्वतंत्र अंत्यपद आहे. या नियमाला ठळक अपवाद ब्रिटनचा. मानकातील संकेत ‘जीबी’ असता जुलै १९८५ मध्ये ‘यूके’ नोंदले गेले व तेच रुळले. ब्रिटिश विद्यापीठांच्या जालात तर नावे उलट क्रमाने, म्हणजे देश प्रथम, अशी लिहीत. तेथे संगणकशास्त्र विभागाचा ‘सीएस’ हा संक्षेप नावाच्या शेवटी येई आणि पुढे चेकोस्लोव्हाकियाला तेच अंत्यपद मिळाल्यावर अशा नावांचे दोन अर्थ संभवू लागले.

आरंभी देशवाचक अंत्यपदांचा कारभार विश्वासावर चाले. पोस्टेल यांच्याकडे एखाद्या विद्यापीठातील जबाबदार अध्यापकाने विनंती केली की बहुधा काम होई. शासनाला त्याचा पत्ताही नसे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था स्थापन होऊन हे काम तिच्याकडे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोस्टेल यांचे निधन झाले. अमेरिकन शासनाचा या कामावरील कराराधिष्ठित अधिकार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आला.

विसर्जित राज्यांची अंत्यपदे : सोव्हिएट संघाचे ‘एसयू’ हे अंत्यपद सप्टेंबर १९९० मध्ये नोंदले गेले आणि अवघ्या पंधरा महिन्यांनी ते राष्ट्रच उरले नाही. १९९४ मध्ये रशियाला ‘आरयू’ मिळाले, परंतु ‘एसयू’ची नोंदणी थांबली नाही, राज्याच्या अंतानंतर तीन दशके उलटल्यावरही त्यात लाखभर नावे होती. यूगोस्लाव्हियाच्या ‘वाययू’ची कथा याहून क्लेशकारक आहे. त्याची नोंदवही १९८९ पासून ल्यूब्ल्याना येथे, म्हणजे स्लोव्हेनियात होती. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला, तेव्हा नाव एका देशाचे व ताबा दुसऱ्या देशात, अशी स्थिती उद्‌भवली. १९९४ मध्ये ताबा बेलग्रेडकडे गेला. पुढे सर्बिया व माँटेनेग्रो वेगळे होऊन त्यांना स्वतंत्र अंत्यपदे मिळाली आणि ३० मार्च २०१० रोजी ‘वाययू’ कायमचे बंद झाले. त्याबरोबर त्या अंत्यपदाखाली संकेतस्थळे असलेल्या सर्व जुन्या पत्त्यांचे दुवे तुटले. युद्धकाळातील कितीतरी लेखन त्या पत्त्यांवर होते. कागदावरचे राज्य बुडाले, तरी त्याची दप्तरे ग्रंथालयात राहतात. येथे तशी सोय आपोआप होत नाही. पूर्व जर्मनीसाठी ‘डीडी’ हा संकेत होता, पण ते अंत्यपद म्हणून अस्तित्वात येण्यापूर्वीच जर्मनीचे एकीकरण झाले. चेकोस्लोव्हाकियाचा ‘सीएस’ हा संकेत २००३ मध्ये सर्बिया व माँटेनेग्रोला पुन्हा दिला गेला, तेव्हा जुन्या नोंदींत गोंधळ होईल म्हणून तक्रारी झाल्या व त्यानंतर संकेत पुन्हा वापरण्यापूर्वी ५० वर्षे थांबण्याचा नियम करण्यात आला.

उत्पन्नाचे साधन : पॅसिफिक महासागरातील टूव्हालू हे नऊ बेटांचे, सु. २६ चौ. किमी. क्षेत्रफळाचे व सु. ११,००० वस्तीचे राष्ट्र. त्याचा संकेत ‘टीव्ही’ असल्यामुळे दूरचित्रवाणी व्यवसायाला तो हवाहवासा वाटला. २००० मध्ये टूव्हालूने एका अमेरिकन कंपनीशी १२ वर्षांत ५ कोटी डॉलर मिळण्याचा करार केला. आरंभीच्या रकमेतून संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च भागला आणि ५ सप्टेंबर २००० रोजी टूव्हालू १८९ वे सदस्य राष्ट्र झाले. दोन अक्षरांच्या बळावर आंतरराष्ट्रीय सभेत आसन मिळविण्याचे हे उदाहरण विरळाच. परंतु या बेटांची उंची समुद्रसपाटीपासून कोठेही पाच मीटरहून अधिक नाही व समुद्र चढत आहे. २०२३ मध्ये घटनादुरुस्ती करून, भूमी नष्ट झाली तरी राज्य कायम राहील, असे टूव्हालूने जाहीर केले. भूमी नसलेल्या राज्याचा संकेत मानकात राहणार की नाही, यावर या अंत्यपदाचे व त्याच्या उत्पन्नाचेही भवितव्य अवलंबून आहे.

कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या ब्रिटिश प्रदेशाला १९९५ मध्ये ‘एआय’ मिळाले, तेव्हा ती अक्षरे कोणास विशेष वाटली नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी नावाचा संक्षेप तोच असल्याने २०२२ च्या अखेरीपासून नोंदणीचा पूर लोटला. २०२३ मध्ये सु. १६,००० वस्तीच्या या बेटास त्यातून सु. ३·२ कोटी डॉलर मिळाले. ही रक्कम शासनाच्या उत्पन्नाच्या सु. एक पंचमांश भरते. अशा लाभात कर्तृत्वापेक्षा योगायोगाचा वाटा मोठा असतो, हे उघड आहे. टोकेलाऊ बेटांनी ‘टीके’ ही नावे फुकट वाटली, तेव्हा संख्या कोट्यवधींवर गेली. परंतु त्यांत फसवणुकीसाठी घेतलेली नावे इतकी निघाली की २०२३ मध्ये फुकट नोंदणी थांबवावी लागली. निऊए या बेटाचे ‘एनयू’ स्वीडनमध्ये लोकप्रिय झाले, कारण स्वीडिश भाषेत ‘नू’ म्हणजे ‘आता’. त्याचा ताबा व उत्पन्न परत मिळावे म्हणून निऊएच्या शासनाने २०१८ मध्ये स्वीडनमधील न्यायालयात दाद मागितली.

शागोसचे ‘आयओ’ : हिंदी महासागरातील शागोस द्वीपसमूह ब्रिटनने नोव्हेंबर १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडून ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश निर्माण केला. दिएगो गार्सिया येथे अमेरिकन लष्करी तळ उभारण्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथील सु. १,५०० ते २,००० रहिवाशांना घरांतून काढून मॉरिशस व सेशेल्स येथे नेण्यात आले. म्हणजे १९९७ मध्ये या प्रदेशाला ‘आयओ’ हे अंत्यपद मिळाले, तेव्हा तेथे लष्कराखेरीज वस्तीच नव्हती. संगणकशास्त्रात ‘आदान-प्रदान’ या अर्थी हीच अक्षरे वापरतात. त्यामुळे नवे संगणक व्यवसाय व खेळ यांनी ती लाखोंच्या संख्येने घेतली. विक्रीतून विस्थापितांना काही मिळाले नाही. आपणासही उत्पन्न मिळत नाही, असे ब्रिटिश शासनाने सांगितले. नावाचे मोल ज्यांच्या भूमीवरून आले, त्यांनाच त्यात वाटा नसावा, ही या व्यवस्थेची मोठी उणीव होय. मानकाने वाद टाळले, पण न्याय दिला नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या सल्लात्मक मतात मॉरिशसचे विभाजन बेकायदेशीर ठरविले. त्यानंतरच्या वाटाघाटींतून सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपविण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या. असे हस्तांतर पूर्ण होऊन प्रदेशाचा संकेत मानकातून वगळला गेला, तर २०२२ मध्ये संमत झालेल्या नियमांनुसार अंत्यपद साधारणपणे पाच वर्षांत, मुदतवाढ मिळाल्यास फार तर दहा वर्षांत, बंद करावे लागते. ‘एसयू’सारखा अपवाद पुन्हा होऊ नये, हाच त्या नियमांचा उद्देश होता.

भारत : ‘आयएन’ हे अंत्यपद ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले. आरंभीची बरीच वर्षे त्याची नोंदवही मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राकडे होती. नियम कडक व कागदपत्रे बरीच असल्याने २००४ पर्यंत सारी मिळून सु. ७,००० नावेच नोंदली गेली व भारतीय व्यापारी ‘कॉम’कडे वळले. २००५ च्या आरंभी धोरण सैल करून हे काम ‘निक्सी’ या संस्थेकडे देण्यात आले. मार्च २०१० पर्यंत नावांची संख्या सहा लाखांवर गेली.

देवनागरी नावे : मूळ पद्धतीत रोमन लिपीची २६ अक्षरे, दहा अंक व संयोगरेषा एवढीच ३७ चिन्हे चालत आणि एका पदात ती ६३ हून अधिक नसावीत, असे बंधन होते. इतर लिप्यांसाठी ही पद्धती मोडण्याऐवजी २००३ मध्ये एक युक्ती योजण्यात आली : कोणत्याही लिपीतील नाव ठरावीक गणिती रीतीने या ३७ चिन्हांत रूपांतरित करायचे व वाचकाला मूळ लिपीत दाखवायचे. २०१० मध्ये अरबी लिपीतील पहिली देशवाचक अंत्यपदे सुरू झाली. देवनागरीतील ‘भारत’ हे अंत्यपद २७ ऑगस्ट २०१४ रोजी मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, सिंधी, मैथिली, डोगरी व बोडो या आठ भाषांसाठी खुले झाले. आज भारताची निरनिराळ्या लिप्यांतील अशी १५ अंत्यपदे आहेत. त्यांचा प्रसार मात्र बेताचाच आहे, कारण पुष्कळ आज्ञावल्या व अर्जाचे नमुने असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत.

मराठीपुरती एक अडचण विशेष उल्लेखनीय आहे. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. फरक केवळ रकाराच्या खुणेचा. संगणकावर हा अर्धा रकार उमटविण्याची एक रीत म्हणजे ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालणे. २००३ च्या नियमांत अशी अदृश्य चिन्हे नावातून गाळली जात, त्यामुळे दोन्ही शब्दांचे एकच क्षेत्रनाम होई. न दिसणाऱ्या चिन्हाचा उपयोग फसवणुकीसाठीही होऊ शकतो, म्हणून ही सावधगिरी अगदीच अनाठायी नव्हती. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर येणाऱ्या जोडचिन्हास सशर्त मुभा दिली. तथापि नुक्ता असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून तेच रूप अदृश्य चिन्हावाचून लिहिता येते आणि क्षेत्रनामांसाठी हीच रीत अधिक निर्धोक आहे.